सोलापूर सोडण्याआधी मांडायचा हिशेब : कर, भाडे आणि घरखर्च

सोलापुरातून पुण्याला, हैदराबादला किंवा बेंगळुरूला जाण्याचा विचार ज्या घरात सुरू होतो, तिथे पहिली चर्चा पगाराच्या आकड्याची होते आणि बऱ्याचदा तिथेच संपते. ‘इथे चाळीस मिळतात, तिथे पासष्ट देतात’ एवढ्यावर निर्णय होतो. भाडे किती, मुलांच्या शाळेचे काय, मागे राहणाऱ्या आई-वडिलांचा स्वतंत्र खर्च किती, हे प्रश्न सामान टेम्पोत चढल्यावर पडू लागतात. ओळखीतल्या काही कुटुंबांचे असे हिशेब मी त्यांच्यासोबत बसून मांडले आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की आपल्या देशात गाव बदलल्याने करात पडणारा फरक लोक समजतात त्याहून पुष्कळ लहान असतो, आणि घरभाडे, दोन ठिकाणी चालणारी चूल व घरातली दुसरी कमाई या तीन गोष्टी मात्र लोक समजतात त्याहून पुष्कळ मोठ्या असतात. हा हिशेब कागदावर कसा मांडावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

सोलापूरला स्थलांतर नवे नाही. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. गिरण्या आणि हातमाग यांच्या ओढीने तेलंगणातले पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून कानडी बोलणारी कुटुंबे आली, आणि पूर्व भागातल्या पेठा त्यांच्या वस्तीने भरल्या. पुढे मोठ्या गिरण्या बंद पडल्या. चादर, टॉवेल आणि विडी या धंद्यांनी हजारो घरे सांभाळली, पण अभियांत्रिकी शिकून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींना पुरेल एवढे काम शहरात निर्माण झाले नाही. ज्यांचे आजोबा कामासाठी सोलापूरला आले, त्यांचे नातू आज कामासाठी हडपसर-मांजरीला जात आहेत. त्या आजोबांनीही मजुरी आणि खोलीचे भाडे ताडून पाहिलेच असणार. आपल्याला फक्त अधिक रकाने भरावे लागतात.

गाव बदलल्याने कोणता कर बदलतो

सुरुवात आयकरापासून करावी, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याविषयी आहेत. आयकर हा केंद्र सरकारचा कर आहे. जुळे सोलापुरात राहणाऱ्याला आणि मुंबईच्या दादरला राहणाऱ्याला त्याचे दर सारखेच लागतात. अमेरिकेत तसे नाही. तिथे केंद्राच्या करावर अनेक राज्यांचा स्वतंत्र आयकर असतो. कॅलिफोर्नियात त्याचा सर्वोच्च दर तेरा टक्क्यांच्या पुढे जातो, तर टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. म्हणून तिथे कर पाहून राज्य बदलणे हा खरोखरीचा विचार असतो, आणि तरीही टेक्सासमधला घरावरचा भारी मालमत्ता कर त्या बचतीतला मोठा वाटा परत घेतो. तिथले लेख आणि चित्रफिती पाहून इथला निर्णय घेणे म्हणूनच चुकीचे ठरते.

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत बारा लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही, आणि नोकरदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्यामुळे पगारातून येणारे पावणेतेरा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त राहते. सोलापुरात वर्षाला पाच लाख कमावणारा माणूस पुण्यात आठ लाखांवर गेला, तरी आयकर दोन्हीकडे शून्यच. म्हणजे बहुसंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांच्या हिशेबात हा रकाना सरळ कोरा ठेवता येतो.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना मात्र गावाचा थोडा संबंध येतो. घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी १९६२ च्या आयकर नियमांनी मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा दिली होती. बाकी सगळीकडे ती ४० टक्के होती. म्हणजे या नियमांपुरते पुणे आणि सोलापूर एकाच पंक्तीत बसत होते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होत असल्यामुळे त्यापुढच्या वर्षासाठी आपल्या कार्यालयाच्या लेखा विभागाला एकदा विचारून घ्यावे. जुन्या प्रणालीतली आणखी एक सोय अनेकांच्या लक्षात येत नाही : सोलापुरातल्या घराचे कर्ज फेडत असताना नोकरीसाठी पुण्यात भाड्याने राहत असाल, तर भाडेभत्त्याची सवलत आणि गृहकर्जाच्या व्याजाची वजावट या दोन्ही मिळू शकतात. सोलापूरचे घर आणि पुण्यात घेतलेला फ्लॅट अशी दोन्ही घरे ‘स्वतःच्या वापरातली’ म्हणून दाखवता येतात. आई-वडील राहतात त्या घरावर काल्पनिक भाडे धरून कर लागेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

राज्याचा म्हणून जो कर पगारातून थेट कापला जातो तो व्यवसाय कर. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे. महाराष्ट्रात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० अशी ती पूर्ण वसूल होते. २५ हजारांपर्यंत मासिक पगार असलेल्या स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून तो माफ आहे. तेलंगणात वर्षाला जास्तीत जास्त २,४०० रुपये जातात. म्हणजे सोलापूरहून हैदराबादला गेल्याने वर्षाला शंभर रुपये वाचतील. या रकान्यावर याहून अधिक वेळ घालवू नये.

वस्तू आणि सेवा कर देशभर एकाच दराचा आहे, त्यामुळे साबण, कपडे किंवा फ्रीज यांच्यावरच्या करात गावागणिक फरक पडत नाही. पेट्रोल-डिझेल मात्र त्या कराबाहेर आहे आणि त्यावर प्रत्येक राज्य स्वतःचा मूल्यवर्धित कर लावते. अक्कलकोट ओलांडून कर्नाटकात जाणाऱ्या ट्रकचालकांना दोन्हीकडचे दर तोंडपाठ असतात ते उगाच नव्हे. ज्यांचे काम रोज गाडी चालवण्याचे आहे, त्यांनी महिन्याचे लिटर मोजून हा फरक धरावा. इतरांनी तो सोडून दिला तरी चालेल.

केंद्र सरकारच्या सेवेत असलेल्यांनी बदली स्वीकारताना एक आकडा आधी काढावा. घरभाडे भत्त्यासाठी केंद्राने शहरांचे तीन वर्ग केले आहेत. पुणे, मुंबई, हैदराबाद आणि बेंगळुरू पहिल्या वर्गात येतात, सोलापूर दुसऱ्या. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून या वर्गांचे दर मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के आहेत. मूळ वेतन ५० हजार असेल तर सोलापुरात १० हजार आणि पुण्यात १५ हजार भत्ता मिळेल. बदलीने महिन्याला वाढणारे हे पाच हजार दोन्ही शहरांतल्या भाड्यातला फरक भरून काढतात का, एवढाच प्रश्न मग उरतो, आणि स्वतःचे घर सोलापुरात असणाऱ्यासाठी त्याचे उत्तर जवळजवळ नेहमीच नकारार्थी येते.

वाढीव पगारातून काय उरते

आता खऱ्या हिशेबाकडे येऊ. वहीच्या एका पानावर डावीकडे ‘हातात येणारा वाढीव पगार’ आणि उजवीकडे ‘नव्याने सुरू होणारा खर्च’ असे दोन रकाने करावेत. दोन्ही शहरांतला संपूर्ण घरखर्च लिहीत बसण्याची गरज नाही. जो खर्च दोन्हीकडे सारखाच आहे, जसे मोबाइलचे रिचार्ज, विम्याचा हप्ता, औषधे, तो गाळावा. फरक तेवढा लिहावा. वार्षिक पॅकेजचा आकडा डावीकडे कधीही लिहू नये, कारण त्यात मालकाने भरलेला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि मिळेलच असे नसलेले बोनसही धरलेले असतात. नियुक्तिपत्राआधी वेतनाचा तपशील मागून दरमहा बँकेत किती जमा होणार, हेच विचारावे.

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. आकडे कल्पित आहेत, वाचकाने आपले घालावेत. नवरा, बायको, एक शाळकरी मुलगा आणि आजी-आजोबा, विजापूर रोडवर स्वतःचे घर. सोलापुरात हातात ३८ हजार येतात, पुण्यातली नवी नोकरी ६० हजार देईल. वाढ २२ हजारांची. आजी-आजोबा सोलापूर सोडणार नाहीत, म्हणून इथले घर भाड्याने देता येणार नाही. मांजरीकडे दोन खोल्यांचा फ्लॅट आणि सोसायटीची वर्गणी मिळून १८ हजार. मुलाच्या शाळेच्या शुल्कातला आणि व्हॅनमधला फरक ४ हजार. ऑफिसला जाण्या-येण्याचे वाढीव पेट्रोल अडीच हजार. दूध, भाजी, घरकामाच्या मावशींचा पगार आणि कधीमधी बाहेरचे जेवण यांतली वाढ ३ हजार. महिन्यातून दोनदा सोलापूरला येणे अडीच हजार. आणि जो खर्च जवळजवळ प्रत्येक जण विसरतो तो शेवटी : आधी एका चुलीवर जे भागत होते ते आता दोन चुलींवर भागवायचे, म्हणून आजी-आजोबांच्या वेगळ्या गॅस, किराणा आणि विजेचे ४ हजार. उजवीकडची बेरीज ३४ हजार होते. पगार २२ हजारांनी वाढला आणि कुटुंब महिन्याला १२ हजारांनी मागे गेले. करांचा या बेरजेत कुठेही संबंध आला नाही, हेही लक्षात घ्यावे.

याच कुटुंबात पुण्याला गेल्यावर बायकोला २८ हजारांची नोकरी मिळाली तर चित्र उलटते. बारा हजारांची तूट भरून १६ हजार उरतात. तिच्या येण्याजाण्याचे आणि शाळा सुटल्यावर मुलाला पाळणाघरात ठेवण्याचे ८ हजार वजा केले तरी ८ हजार शिल्लक राहतात. माझ्या अनुभवात स्थलांतर फायद्याचे की तोट्याचे, हे बहुतेक वेळा या एकाच गोष्टीने ठरते. म्हणून नवऱ्याची नोकरी पक्की झाली की सामान बांधायचे आणि ‘तिचे नंतर बघू’ म्हणायचे, ही रीत मला चुकीची वाटते. तिच्या क्षेत्रात त्या शहरात काम कोणते आहे, किती पगाराचे आहे, आणि सोलापुरात ती करत असलेली नोकरी, शिकवणी किंवा शिवणकाम सोडल्याने किती बुडणार आहे, हे पहिल्या पानावरच यायला हवे.

यापुढे एकदाच होणारे खर्च मांडावेत. दलालाला एक महिन्याचे भाडे १८ हजार, सामानाचा टेम्पो १५ हजार, शाळेचे प्रवेश शुल्क २५ हजार, पडदे, पंखे, गॅसजोडणी आणि किरकोळ वस्तू १४ हजार. एकूण ७२ हजार. दोन वर्षे राहायचे धरले तर महिन्याला ३ हजार पडतात, आणि वरची ८ हजारांची शिल्लक ५ हजारांवर येते. वर्षभरातच परतायची शक्यता असेल तर तोच भार ६ हजारांचा होतो. अनामत रक्कम परत मिळणार असल्यामुळे ती खर्चात धरू नये, पण ती देण्यासाठी सोनेतारण किंवा वैयक्तिक कर्ज काढावे लागत असेल तर त्याचे व्याज नक्की धरावे.

महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या ५५ व्या कलमानुसार सक्तीची आहे, आणि ती महाग नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर एकूण भाडे आणि अनामत रकमेवरचे दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. दरमहा १८ हजार भाडे, ५० हजार अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत असेल तर हे शुल्क सुमारे ५०० रुपये होते. शहरी भागात नोंदणीचे १,००० रुपये वेगळे. एजंट याहून पुष्कळ जास्त सांगत असेल तर त्यातली त्याची मजुरी किती, हे स्पष्ट विचारावे.

एकट्या तरुणाचा हिशेब वेगळा आहे. सोलापुरात १५ हजार आणि पुण्यात ३० हजार मिळणार असतील, तर तिघांत घेतलेल्या खोलीचे भाडे, मेस, प्रवास आणि घरी येणे-जाणे मिळून पंधरा-सोळा हजार सहज जातात. पहिल्या वर्षी हातात काही जास्त उरत नाही. इथे पहिल्या वर्षाकडे न पाहता तिसऱ्या वर्षाचा अंदाज मांडावा. त्या क्षेत्रात तीन वर्षांच्या अनुभवाला पुण्यात काय मिळते आणि सोलापुरात काय मिळते, हे तिथे काम करणाऱ्या दोघा-तिघांना विचारावे. वाढ दिसत असेल तर पहिल्या वर्षाची ओढाताण सोसण्यात अर्थ आहे; दिसत नसेल तर गाव सोडण्याला निदान पैशाचे कारण उरत नाही.

प्रवास, पाणी आणि वीज

पुणे सोलापूरपासून अडीचशे किलोमीटर, हैदराबाद सुमारे तीनशे; दोन्ही शहरे एकाच राष्ट्रीय महामार्गावर, ६५ क्रमांकाच्या, आहेत. पुण्याला हुतात्मा आणि इंद्रायणी, मुंबईला सिद्धेश्वर, आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत अशी रेल्वेची सोय आहे. महिन्यात किती खेपा होतील याचा अंदाज प्रामाणिकपणे करावा. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, दिवाळी, लग्नसराई आणि आई-वडिलांचे आजारपण धरून तो करावा. एसटीत मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, त्यामुळे आजी-आजोबांनी पुण्याला येणे हे तुम्ही सगळ्यांनी सोलापूरला जाण्यापेक्षा स्वस्त पडू शकते. कर्नाटक आणि तेलंगण या राज्यांत स्त्रियांना राज्याच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे, पण तो तिथल्या रहिवाशांसाठी. तिथे राहायला जाणाऱ्याने पत्त्याचा पुरावा बदलल्यावरच तो हिशेबात धरावा.

वीज हा असा रकाना आहे जिथे सोलापूर महाग पडू शकते. सोलापूर आणि पुणे या दोन्ही ठिकाणी महावितरणच वीज देते आणि घरगुती दर सारखेच आहेत, पण वापर वाढला की युनिटचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो. कूलर किंवा एसी चालवल्याशिवाय झोप लागत नाही. म्हणून मागच्या बारा महिन्यांची बिले काढून सरासरी घ्यावी. एकट्या जानेवारीचे बिल धरून तुलना केली तर ती फसते.

पाण्याबाबतही दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. उजनी धरण भरलेले असूनही सोलापूरच्या नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, आणि त्यासाठी मोठी टाकी, मोटार व कित्येक घरांत पिण्याच्या पाण्याचे जार यांचा खर्च आपण इतका अंगवळणी पाडून घेतला आहे की तो खर्च वाटतच नाही. तो सोलापूरच्या रकान्यात लिहावा. पुण्यात उपनगरातला फ्लॅट पाहताना मात्र सोसायटीला महापालिकेचे पाणी आहे की टँकरचे, आणि टँकरचे पैसे मासिक वर्गणीत आहेत की वेगळे घेतात, हे घरमालकाला नव्हे तर त्याच इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूला विचारावे.

राज्य ओलांडताना

पुण्याला जाणे आणि हैदराबादला किंवा बेंगळुरूला जाणे यांत मोठा फरक आहे, आणि तो पगाराच्या आकड्यात दिसत नाही. आपली एमएच-१३ क्रमांकाची गाडी पुण्यात कितीही वर्षे चालवता येते. दुसऱ्या राज्यात मात्र बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ नुसार तिची तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी सोलापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून ना हरकत दाखला घ्यायचा, नव्या राज्याचा रस्ता कर भरायचा, आणि मग महाराष्ट्रात आधी भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागायचा, असा क्रम आहे. कर्नाटकात नव्या मोटारीवरचा कर किमतीप्रमाणे १३ ते १८ टक्के आहे, तर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. गाडी जुनी असेल तर ती सोलापुरातच ठेवणे किंवा विकून जाणे अधिक शहाणपणाचे. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपनीत काम करत असाल आणि नवी गाडी घ्यायची असेल, तर २०२१ साली सुरू झालेल्या ‘बीएच’ मालिकेचा क्रमांक घ्यावा. कर दोन-दोन वर्षांनी भरता येतो आणि राज्य बदलले तरी पुनर्नोंदणीची कटकट राहत नाही.

चादर-टॉवेलचा किंवा कपड्यांचा व्यापार हैदराबादला नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की जीएसटीची नोंदणी राज्यनिहाय असते. क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि तेलंगणाचे ३६. तिथे गोदाम किंवा दुकान उघडले की नवा क्रमांक आणि दोन्हीकडची स्वतंत्र विवरणपत्रे आली. महाराष्ट्रात फक्त राज्यांतर्गत माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे, तेलंगणात ती मर्यादा २० लाख आहे. लहान व्यापाऱ्याला हा फरक जाणवतो. हिशेबनिसाची फी दुप्पट होईल, असे धरूनच चालावे.

मुले आठवी-नववीत असतील तर राज्य बदलण्याआधी फार विचार करावा, आणि हे मी आग्रहाने सांगतो. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून उत्तीर्ण होण्याची अट असते. त्याचप्रमाणे एका राज्याच्या जात प्रमाणपत्रावर दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ साधारणपणे मिळत नाही. सोलापूरच्या अनेक विणकर कुटुंबांचे नातेवाईक तेलंगणात आहेत आणि तिकडे परतणे त्यांना स्वाभाविक वाटते. पण शासकीय महाविद्यालय आणि खासगी महाविद्यालय यांच्या शुल्कातला फरक एवढा असतो की दहा वर्षांच्या वाढीव पगारातली बचत त्यात एका प्रवेशातच जाऊ शकते. अशा वेळी मूल बारावी होईपर्यंत कुटुंब सोलापुरात आणि नोकरी करणारा एकटा बाहेर, ही सोय त्रासाची असली तरी हिशेबात बसते.

घर विकणे, घेणे आणि परत येणे

नव्या शहरात गेल्यावर पहिल्या वर्षात घर विकत घेऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. घ्यायचे ठरलेच तर मुद्रांक शुल्काचा फरक मांडावा : सोलापूर महापालिका हद्दीत स्थानिक अधिभारासह ६ टक्के, पुण्यात मेट्रोच्या अधिभारामुळे ७ टक्के. पन्नास लाखांच्या फ्लॅटवर हा फरक ५० हजारांचा, आणि घर स्त्रीच्या नावावर घेतले तर एक टक्का सवलत मिळून तो तेवढाच भरून निघतो. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, ४५ लाखांच्या आतल्या आणि ठरावीक क्षेत्रफळाच्या परवडणाऱ्या घरावर १ टक्का, तर पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर काहीच नाही. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत आहे, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो; भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही.

सोलापूरचे घर विकून तो पैसा पुण्यात लावायचा असेल तर दोन वर्षांहून अधिक काळ मालकी असलेल्या घराच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक धरून वीस टक्क्यांचा पर्यायही आहे. नफ्याची रक्कम दोन वर्षांत दुसरे राहते घर घेण्यात किंवा तीन वर्षांत बांधण्यात घातली तर हा कर वाचतो. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत ती रक्कम वापरली गेली नसेल तर बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. साध्या बचत खात्यात ठेवलेला पैसा चालत नाही, आणि चूक नेमकी इथे होते.

उलट दिशेने येणाऱ्यांचीही संख्या कमी नाही. निवृत्तिवेतनावरचा आयकर सोलापुरात आणि पुण्यात सारखाच, हयातीचा दाखला ऑनलाइन देता येतो, आणि पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन होटगी रोडला स्वतःच्या घरात राहणाऱ्याची शिल्लक निश्चित वाढते. त्या भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेच्या ३० टक्के वजावट सरसकट मिळते. मात्र येथे एकच रकाना नीट भरावा, तो दवाखान्याचा : चालू असलेले उपचार सोलापुरात होतात का, आणि नसतील तर पुण्याच्या किती फेऱ्या पडतील. पुण्याच्या कंपनीचे काम सोलापुरातून करण्याची परवानगी ज्यांना आहे त्यांचा हिशेब सर्वांत सोपा, पण ती परवानगी लेखी घ्यावी आणि कार्यालयात किती दिवस यावे लागेल हे त्यात लिहून घ्यावे.

हा सगळा हिशेब डिसेंबरमध्ये मांडावा, कारण पुण्यातल्या अनेक शाळांचे प्रवेश जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होतात आणि जूनमध्ये जागा शोधणाऱ्याला उरलेली शाळा घ्यावी लागते. नोकरी मधेच सुरू होणार असेल तर कमावत्या माणसाने आधी तीन महिने एकट्याने जाऊन राहावे, रोजचा खर्च त्याच वहीत लिहावा, आणि मार्चअखेर घरी आल्यावर अंदाजाचे आकडे खोडून खरे आकडे भरावेत. भाडेकरार करताना घर सोडण्याच्या पूर्वसूचनेचा कालावधी एक महिन्याचाच ठेवावा आणि किमान मुक्कामाची अट मान्य करू नये. सोलापूरच्या घराची किल्ली, वीज आणि नळजोडणी त्या वर्षभर तशीच चालू ठेवावी.